स्वादी, खा!

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडलो, तर फुलांच्या माळा घेऊन उभ्या असलेल्या एका चुणचुणीत पोरीने हात जोडले, मान तुकवली आणि मावशीकडे बघून ती म्हणाली, “स्वादी, खा!”

मावशीने माळेकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “काय देतेय रे ती?”

“काही देत नाही. नमस्कार करतेय.”

“मग खा कशाला म्हणतेय?”

इथपासून आमच्या सहलीला जे वळण लागलं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही. तो शब्द खरा ‘सवात्दी’. मूळ आपलं ‘स्वस्ति’. १९३०च्या दशकात चुलालाँगकॉर्न विद्यापीठातल्या एका भाषापंडिताने तो नमस्कारासाठी रूढ केला. म्हणजे आपण जो शब्द मंगलाष्टकांपुरता भटजींकडे सोपवून ठेवलाय, तो ही माणसं लिफ्टमध्ये शिरताना, वाण्याकडे जाताना सहज वापरतात. आणि शेवटचा ‘खा’ म्हणजे आपला ‘जी’. बायकांनी वाक्य संपवताना आदराने ‘खा’ म्हणायचं, पुरुषांनी ‘ख्रप’. बोलण्याच्या ओघात त्या ‘ख्रप’चा होतो ‘खप’. थोडक्यात, त्या देशात सकाळपासून रात्रीपर्यंत बायका म्हणतात ‘खा’ आणि पुरुष म्हणतात ‘खप’. मावशीला मी हे समजावलं, तेव्हा ती म्हणाली, “मग यात परदेश कुठे आला?”

मावशी साताऱ्याची. माण तालुक्यात प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली, वय बहात्तर. शिवाय आम्ही दोघं नवरा-बायको, माझी ताई आणि भावोजी. भावोजी मूळचे मालवणचे, राहायला डोंबिवलीला. या पाच माणसांत मिळून सामानाचे अकरा डाग होते आणि त्यांपैकी चार खाण्याचे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं, राजगिऱ्याच्या वड्या, बेसनाचे लाडू. टूरवाल्यांच्या पत्रकात ‘रोज भारतीय शाकाहारी जेवण’ असं ठळक छापलेलं होतं, पण मावशीचा छापील गोष्टींवर विश्वास नाही. तीस वर्षं पाठ्यपुस्तकं शिकवल्याचा तो परिणाम असावा. पत्रक मात्र खोटं नव्हतं. पाचही दिवस रात्री आठ वाजता आम्हाला एका बंद काचांच्या भारतीय हॉटेलात नेऊन नारिंगी रश्श्यातलं पनीर वाढण्यात आलं. बाहेर रस्त्यावर अख्खा देश परतत, कुटत, भाजत, वाफवत बसलेला आणि आम्ही आत पनीर मोजतोय. मराठी माणसाचं थायलंड हे असं, काचेपलीकडचं असतं. मावशी नसती, तर आमचंही तसंच राहिलं असतं.

आम्ही पोचलो तो गुरुवार. मावशीचा दत्ताचा उपास. राजगिऱ्याच्या वड्या बसमधून परस्पर हॉटेलात गेल्या आणि आम्ही गाईडबरोबर फिरायला बाहेर पडलो. दुपारी दोनच्या सुमाराला रस्त्याकडेच्या एका गाडीवर मावशी थबकली. वाफाळत्या चाळणीत केळीच्या पानावर साबुदाण्याचे गोल गोल, काचेसारखे पारदर्शक मुटके मांडलेले. आत काहीतरी तपकिरी दिसत होतं. थाईत त्याला म्हणतात ‘साखू’, म्हणजे नावसुद्धा साबूच्या भावकीतलं.

“आत काय?” मावशीने विचारलं.

“शेंगदाणे,” गाईड म्हणाली. तिला थोडं इंग्रजी, थोडं हिंदी आणि ‘चला चला’ एवढं मराठी येत होतं.

“आणि?”

“माडाचा गूळ.”

मावशीचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. घर सोडून चार तास उडत आलं, तर इथे कोपऱ्यावर साबुदाणा, दाणे आणि गूळ! दत्ताची सोय ही. वर तळलेल्या लसणाची पखरण होती, पण ‘ती झटकून दे म्हणावं’ असं तिने ठरवूनही टाकलं. हात पुढे गेलासुद्धा. तेवढ्यात गाईड चाचरत म्हणाली, “आणि मू.”

“मूग? मूग नाही चालत उपासाला.”

“मूग नो. मू.”

“तेच ते. मूग.”

मग त्या पोरीने नाइलाजाने नाकाचा शेंडा बोटाने वर ढकलला आणि एक आवाज काढला. तो आवाज जगातल्या सगळ्या भाषांत सारखाच कळतो. मावशीने हात असा मागे घेतला, की शेजारच्या गाडीवरची शहाळी हलली. ‘साखू साय मू’ हे त्या पदार्थाचं पूर्ण नाव: साबुदाणा, आत डुकराचं मांस. आपल्या साबुदाण्याने परदेशात जाऊन कुणाची संगत धरली, हे बघून तिला जे दुःख झालं ते एखाद्या आईलाच कळेल. शेवटी निखाऱ्यावर भाजलेली केळी आणि शहाळं यांवर गुरुवार निभावला. केळी उत्तम होती, हे तिने दोन दिवसांनी कबूल केलं.

पण गुरुवार संपला नव्हता. बँकॉकच्या मध्यावर एका प्रचंड मॉलसमोरच्या अंगणात त्रिमूर्तीचं देवस्थान आहे आणि तिथे गर्दी होते ती गुरुवारी रात्री, साडेनऊच्या सुमाराला. गाईडच्या तोंडून ‘त्रिमूर्ती’ आणि ‘गुरुवार’ हे दोन शब्द एका वाक्यात निघाल्यावर मावशीला थांबवणं दत्तालाही जमलं नसतं. आम्ही गेलो. पाहतो तर सगळी विशी-पंचविशीची पोरं-पोरी. बऱ्याच जणांचे कपडे लाल, हातात लाल गुलाब, लाल मेणबत्त्या, उदबत्त्या. मावशीनेही गुलाब घेतले, चप्पल काढली आणि ती डोळे मिटून उभी राहिली. शेजारची एक पोरगी तिच्याकडे ज्या हळव्या नजरेने बघत होती, त्याचा उलगडा गाईडने नंतर केला. हा देव प्रेमाचा. मनासारखा जोडीदार मिळावा म्हणून त्याला गुलाब वाहतात.

मी हे मावशीला जरा आडवळणाने सांगितलं. ती अजिबात विचलित झाली नाही. “मग बरोबरच आहे की. मी तुझ्या पोरासाठीच मागितलंय. एकतिशी उलटली त्याची. मुलगी इथली असली तरी चालेल म्हटलं. फक्त ते ‘मू’ खाणारी नको.” मग मागे वळून तिने मूर्ती पुन्हा नीट न्याहाळली. “गाय आणि कुत्री दिसत नाहीत. मॉलवाले आत सोडत नसतील.”

अन्नाच्या बाबतीत भावोजींची गोष्ट निराळी. पहिल्याच दिवशी रस्त्यावरच्या वासाने ते एकदम शांत झाले. सुका जवळा, कोळंबी, नारळाचा रस, डोंगराएवढा भात. “ह्या मालवणच आसा,” ते म्हणाले, “फक्त बोलतत वेगळा.” एरवी डोंबिवलीत ते मराठी शुद्ध बोलतात, मासळी दिसली की मालवणी सुटते.

रस्तोरस्ती बायका लांब मुसळीने ‘सोमतम’ कुटत बसलेल्या असतात. त्याला वापरतात तो खल आपल्यासारखा बसका नसतो, चांगला खोल, मातीचा किंवा लाकडाचा. त्यात लसूण, मिरची, लिंबू, माडाचा गूळ, शेंगदाणे, टोमॅटो, चवळीच्या शेंगा आणि कच्च्या पपईचा लांब लांब कीस. ठॉक ठॉक ठॉक, की झालं. मावशी पाच मिनिटं निरखून बघत होती. मग म्हणाली, “ही आपली कोशिंबीरच. दाण्याचं कूट आहे, लिंबू आहे, गोड आहे, तिखट आहे. लसूण तेवढी जास्तीची.” आणि निदान करून ती खूश होणार, तोच कुटणारणीने मूठभर सुके सोडे आत टाकले आणि एका बाटलीतून तपकिरी पाण्याची धार सोडली. ते ‘नाम प्ला’. नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा. मिठात मुरवलेल्या माशाचं पाणी. आपण मीठ घालतो तितक्या निर्विकारपणे तिथे ते घालतात.

शाकाहारी माणसाची खरी कोंडी इथेच होते. तुम्ही ‘मासा नको’ म्हटलंत, तर बाई अगदी प्रामाणिकपणे मासा काढून टाकते आणि नाम प्ला घालते. कारण तिच्या हिशेबी तो मासा नाहीच, ते मीठ. आपल्याकडे नाही का, ‘मी गोड खात नाही’ म्हणणारी माणसं चहात दोन चमचे साखर घेत, तसं.

थाई भाषेत शाकाहारीला शब्द आहे ‘मंगसविरत’. म्हणजे मांसविरत! हा शब्द ऐकून मावशीने गाईडच्या पाठीवरून हात फिरवला. पण गाईडने सांगितलं की यात अंडं, दूध, कांदा-लसूण चालून जातं. एकदम कडक हवं असेल, तर ‘जे’ शोधायचं. पिवळी पताका आणि तिच्यावर लाल रंगात इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसणारं अक्षर, ही त्याची खूण. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस थायलंडातली लाखो माणसं ‘जे’ पाळतात. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, कांदा नाही, लसूण नाही. फुकेतमध्ये तर त्याची मोठी जत्रा असते. तिथे काही भक्त गालांतून सळ्याही आरपार घालून मिरवतात. एका आजारी पडलेल्या चिनी नाटकमंडळीने हे व्रत तिथे सुरू केलं, अशी कथा सांगतात. आणि ते नऊ दिवस येतात कधी? आपल्या नवरात्राच्या आसपास. “नऊ दिवस, कांदा-लसूण वर्ज्य,” मावशी म्हणाली, “आणि आम्हाला पनीर घालताहेत!”

आम्ही गेलो ते एप्रिलात. तेव्हा ती जत्रा नसते, पण ‘जे’ खानावळी वर्षभर असतात. अशी एखादी खानावळ जवळ आहे की लांब, असं गाईडला विचारलं तर ती म्हणाली, “क्लाय.” गंमत अशी की थाईत जवळ म्हणजेही ‘क्लाय’ आणि लांब म्हणजेही ‘क्लाय’, फरक फक्त सुराचा. आम्हाला साताऱ्याच्या ‘ह्ये काय, हितंच हाय’ची सवय असल्याने आम्ही मुकाट्याने चालू लागलो. पंचवीस मिनिटांनी खानावळ आली. कांदा नाही, लसूण नाही, मासा नाही, सगळं खरं. फक्त ताटात आलेलं सोयाबीन हुबेहूब बदकाच्या आकाराचं होतं, वर भाजलेल्या कातडीसारखी चुणी पाडलेली. मावशीने ते खाल्लं नाही, कारण ते बदक दिसत होतं. भावोजींनी खाल्लं नाही, कारण ते बदक नव्हतं. मी आणि बायकोने दोघांचंही संपवलं.

तिखटाबद्दल मावशीला आधीच सावध केलं होतं. ‘माई फेत’, म्हणजे तिखट नको, हे तिने पाठही केलं होतं. पण आयत्या वेळी तिचा सातारी अभिमान आडवा आला. तिथल्या बारक्या मिरचीचं नाव ‘प्रिक खी नू’, म्हणजे उंदराच्या लेंडीएवढी मिरची. “एवढ्याशा मिरचीला काय भ्यायचं? आम्ही ठेचा खातो,” असं म्हणून तिने ‘जे’वाल्याच्या वाटीतला एक तुकडा चटणीसारखा तोंडात टाकला. पुढची दहा मिनिटं ती बोलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कान लाल झाले होते. शेवटी पदराने तोंड पुसून म्हणाली, “उकाडा फार आहे इथे.”

आंब्याचं काय झालं, तेही सांगायला हवं. नारळाच्या रसात मुरवलेला चिकट भात, शेजारी पिकलेल्या आंब्याच्या फोडी आणि वरून किंचित खारट नारळाची साय. ‘खाव न्याव ममुआंग’. यातला ‘खाव’ म्हणजे भात. ‘भात खाल्लास का?’ हीच तिथे ओळखीच्या माणसाची विचारपूस, आपल्या ‘जेवण झालं का?’सारखी. ‘नाम दोक माय’ जातीचा आंबा होता, लांबट, पिवळाधमक, रेषा नाही, धागा नाही. भावोजींनी पहिली फोड खाल्ली आणि आम्ही सगळे निकालाची वाट पाहू लागलो. मालवणच्या माणसाला दुसऱ्याच्या आंब्याबद्दल मत विचारणं, म्हणजे सासूला दुसऱ्या सुनेच्या पुरणपोळीबद्दल विचारण्यासारखं. त्यांनी दुसरी खाल्ली. तिसरी खाल्ली. ताटली पुसून काढली. मग म्हणाले, “भात बरो आसा.”

दुरियनशी मात्र त्यांची लगेच मैत्री झाली. बाहेरून फणस, आतून बरका गरा आणि वासाबद्दल मी न बोललेलं बरं. आमच्या हॉटेलच्या दारावर सिगारेटवर फुली, त्याच्या शेजारी दुरियनवर फुली, अशी पाटीच होती. भावोजी त्याला फणसाचा मावसभाऊ म्हणत राहिले. वनस्पतिशास्त्र म्हणतं की फणस वड-पिंपळाच्या कुळातला आणि दुरियन भेंडी-जास्वंदीच्या. हे मी त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, “भेंडीने एवढी मजल मारलेली कुठे बघितलीस?” त्याउलट ज्या गोड, पांढऱ्या पाकळ्यांच्या मँगोस्टीनकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, ते आपल्या कोकमाचं सख्खं चुलत भावंड.

राजवाडा पाहायला निघालो, तेव्हा दारातच एका टुकटुकवाल्याने गाठलं. “आज बंद आहे, सण आहे, चला दुसरीकडे नेतो, फक्त वीस बाहत.” वीस बाहतांत शहर फिरवणारा माणूस परोपकारी नसतो, हे न कळण्याइतके आम्ही थकलो होतो. त्याने आम्हाला नेलं ते एका रत्नांच्या दुकानात. मावशीने तिथे पाऊण तास बसून सरबत घेतलं, सगळे पुष्कराज बघितले आणि शेवटी विक्रेत्याला विचारलं, “माझ्या पत्रिकेत गुरू नीचेचा आहे. चालेल का हा?” तो माणूस साहेबाला विचारून येतो म्हणून आत गेला, तो परत आला नाही. राजवाडा उघडा होता.

चतुचक बाजारात गेलो तो शनिवार. शनिवार-रविवारी भरतो, सत्तावीस विभाग, एकदा आत शिरलात की मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या आधाराने बाहेर यायचं. इथे मावशीचं खरं तेज प्रकटलं. त्या दिवसांत बाहत होता अडीच रुपयांच्या आसपास. आम्ही चौघं मोबाइल काढून हिशेब करायचो, तोवर मावशीचं उत्तर तयार. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी हे सगळं तिच्या पिढीने छडीच्या धाकाने पाठ केलेलं. साठ वर्षांनी अडीचकीचा असा आंतरराष्ट्रीय उपयोग होईल, हे तिच्या गुरुजींच्या स्वप्नातही नसेल.

तिथे घासाघीस तोंडाने होत नाही, कॅल्क्युलेटरवर होते. विक्रेती आकडा दाबून यंत्र तुमच्याकडे करते, तुम्ही तुमचा आकडा दाबून तिच्याकडे. दोघीही हसत असतात. एका रेशमी पिशवीसाठी मावशी आणि एक थाई आजी यांच्यात असा डाव बारा चाली रंगला. शेवटी दोघींनी एकमेकींना हात जोडले. “खॉप खुन खा,” आजी म्हणाली. म्हणजे धन्यवाद. “हो, खाते,” मावशी म्हणाली.

मला मात्र लाकडी हत्ती घ्यायचा होता. गाईड बाहेर थांबलेली. मी तिला मोबाइलवर हत्तीचा फोटो पाठवला आणि विचारलं, ‘हा किती मोठा, बॅगेत मावेल का?’ तिचं उत्तर आलं: ५५५. मी म्हटलं, हिने किंमतच सांगून टाकली. “तेराशे सत्त्याऐंशी रुपये आणि आठ आणे,” मावशी मागून म्हणाली. मी दुकानदाराला पाचशे पंचावन्न बाहत मोजून दिले. त्याने ते अशा वेगाने घेतले की मला शंका यायला हवी होती. हॉटेलवर आल्यावर कळलं, थाईत पाचाला म्हणतात ‘हा’. ५५५ म्हणजे हाहाहा. पोरगी नुसती हसली होती.

त्याच संध्याकाळी मावशीने दुकानातून बिस्किटांचा पुडा घेतला आणि चष्मा लावून तारीख वाचली. ‘२५६८पर्यंत वापरावे.’ ती खुर्चीत बसलीच. “माझ्या दशम्या चार दिवस टिकल्या तर मी मिरवते. आणि ही बिस्किटं साडेपाचशे वर्षं?” तिथलं साल बुद्धाच्या महापरिनिर्वाणापासून मोजतात, आपल्यापेक्षा ५४३ वर्षं पुढे, हे तिला पटलं, पण बिस्किटं तिने तरीही शेवटच्या दिवसापर्यंत फोडली नाहीत. “टिकणारी आहेत, राहू देत.”

मेक्लाँगच्या रेल्वे बाजारात सगळं जग येतं ते गाडी बघायला. रुळांवरच भाजी मांडलेली, वर ताडपत्र्यांच्या झावळ्या. भोंगा वाजला की ताडपत्र्या मागे, टोपल्या मागे, आणि कोथिंबिरीला चाटून गाडी जाते. ती गेली की दुसऱ्या क्षणी बाजार पुन्हा रुळांवर. सगळे परदेशी पाहुणे श्वास रोखून, मोबाइल उंचावून उभे. भावोजी मात्र गाडी जवळ येताच एकदम ताठ झाले, पिशवी छातीशी धरली, एक पाय पुढे टाकला आणि हात दांड्याच्या उंचीला नेला. ताईने शर्ट धरून ओढलं म्हणून बरं. “सवय,” ते ओशाळून म्हणाले. “आणि बघ ना, खिडकीची जागा रिकामी होती.”

बँकॉकच्या पूर्वेला चाचोएंगसाव प्रांतात एका विहाराच्या आवारात गुलाबी रंगाचा अवाढव्य गणपती पहुडलेला आहे. मूर्तीभोवती उंदीर आहेत, वेगवेगळ्या रंगांचे, वारागणिक एक. तिथे वारांना रंग असतात: सोमवारचा पिवळा, मंगळवारचा गुलाबी, बुधवारचा हिरवा वगैरे. नवरात्रात रोजच्या रंगाची साडी नेसणाऱ्या माझ्या बायकोला यात काही नवल वाटलं नाही; “यांच्या पेपरात रोजच छापून येत असेल,” म्हणाली. वारांची नावंही ऐकण्यासारखी. मंगळवार म्हणजे ‘अंगखान’, आपला अंगारक. रविवार ‘आथित’, आदित्य. आपल्या जन्मवाराचा उंदीर शोधायचा, त्याच्या एका कानात इच्छा सांगायची आणि सांगताना त्याचा दुसरा कान हाताने बंद करायचा. नाहीतर इच्छा या कानातून शिरून त्या कानातून निघून जाते! ही म्हण आपली, पण तिच्यावर उपाय थाई लोकांनी काढला. भावोजी बराच वेळ उंदराशी बोलत होते. नंतर कळलं की सोसायटीच्या पुनर्विकासाची सगळी हकिकत, बिल्डरच्या नावासकट, त्यांनी सांगितली. कान मात्र त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरला होता. “असली प्रकरणं फुटता कामा नयेत.”

आणि रविवारी सोंगक्रान सुरू झालं.

सोंगक्रान म्हणजे संक्रांत; आपली मकराची, त्यांची मेषाची. तेरा ते पंधरा एप्रिल. सरकारी वर्ष १९४१पासून १ जानेवारीला सुरू होतं, पण लोकांच्या मनातलं नवं वर्ष हेच. २०२३मध्ये युनेस्कोने या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं. हे सगळं मी हॉटेलच्या दारात उभा राहून सांगत होतो, तेवढ्यात समोरून आलेल्या एका सहा वर्षांच्या मुलाने पिचकारीने माझं तोंड बंद केलं.

सिलोमच्या रस्त्यावर माणसांचा पूर. प्रत्येकाच्या गळ्यात मोबाइलची प्लॅस्टिकची पिशवी, हातात बंदूक, चेहऱ्यावर पांढऱ्या मातीचा लेप. बर्फ टाकलेली पिंपं, दुकानादुकानांतून सोडलेल्या नळ्या. भावोजींच्या कॉलरमधून कुणीतरी बर्फाचं पाणी सोडलं, तेव्हा त्यांच्या तोंडून जी मालवणी निघाली, ती इथे छापता येणार नाही. ताई आणि माझी बायको पाचव्या मिनिटाला कुठल्याशा कॉलेजच्या पोरींच्या टोळीत सामील झाल्या आणि थेट आमच्यावरच उलटल्या.

मावशी फुटपाथवर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. “अरे, पाणी!” ती म्हणत होती. “पाणी चाललंय!” माणमध्ये तिने टँकरमागे हंडे घेऊन धावणारी पोरं शिकवली होती. एप्रिल म्हटलं की शाळेच्या हजेरीपटावर ‘पाण्याला गेला’ असा शेरा तिने किती वेळा लिहिला असेल. इथे त्याच एप्रिलात लोक पाण्याने एकमेकांना मारत होते आणि हसत होते. शेवटी तिला राहवलं नाही. एका दुकानासमोर नुसती वाहत सोडलेली नळी तिने पाहिली, गर्दी चिरत गेली आणि तोटी बंद केली. चौकात क्षणभर शांतता पसरली. पिंपाजवळच्या दांडग्या पोराने तिच्याकडे पाहिलं, बंदूक खाली ठेवली, हात जोडले, वाटीत थोडं पाणी घेतलं आणि तिच्या खांद्यावर अगदी हळू, देवाला घालावं तसं, ओतलं. “सवात्दी पी माय, खप.” म्हणजे नव्या वर्षाच्या शुभेच्छा. म्हातारं माणूस दिसलं की तिथे मारा थांबतो. त्याने मान वर केली, तशी मावशीने त्याच्याकडे पाहून तोटी पुन्हा उघडली. अर्धीच.

संध्याकाळी हॉटेलच्या दिवाणखान्यात बुद्धाच्या छोट्या मूर्तीला स्नान घालायचं होतं आणि मग वडीलधाऱ्यांचा मान. उतरलेल्या पाहुण्यांत सगळ्यांत वयस्क म्हणून मावशीला खुर्चीत बसवलं. हॉटेलातल्या पोरी एकेक करून गुडघ्यांवर बसत, जाईच्या कळ्या आणि गुलाबपाकळ्या घातलेलं पाणी चांदीच्या वाटीतून तिच्या ओंजळीवर सोडत आणि हात जोडून आशीर्वादाची वाट बघत. मावशीचा समज झाला की हात धुवायला पाणी दिलंय, म्हणजे आता पान वाढणार. ती इकडे तिकडे बघू लागली. मी वाकून कानात सांगितलं. मग तिचे डोळे जरा ओले झाले. ओल्या हातानेच तिने पहिल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तिथे कुणाच्या डोक्याला हात लावायचा नसतो असं गाईडने बजावलं होतं, पण ती पोरगी आणखी खाली वाकली. “औक्षवंत हो,” मावशी म्हणाली. “खॉप खुन खा,” पोरगी म्हणाली.

“ऐकलंस? चार दिवस झाले, सगळ्या नुसत्या खा खा म्हणतात आणि देत कुणी काही नाही.” मावशीने पिशवीत हात घातला, डबा काढला आणि बेसनाचा लाडू त्या पोरीच्या हातावर ठेवला. “आता तूच खा.”

पोरीने गाईडकडे पाहिलं, गाईडने मान हलवली. तिने अर्धा लाडू तोंडात टाकला. डोळे मोठे झाले. तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली, “अरॉय खा! अरॉय!”

अरॉय म्हणजे चविष्ट. पण हे सांगायला मला सवडच मिळाली नाही, कारण मावशी मागे वळून भावोजींना म्हणत होती, “अहो ऐकताय ना, ‘अरे, खा’ म्हणतेय ती! बाकीच्या पोरी उभ्या आहेत, खोलीतला मोठा डबा घेऊन या.”